आपली टीम, आपलीच मालकी

प्रश्न: भाऊ, आमच्या कामठीच्या फुटबॉल टीमला कोणी मालक मिळत नाही, आम्ही पोरांनीच वर्गणी काढून टीम चालवली तर जमते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: जमते ना भाऊ! अमेरिकेतलं ग्रीन बे बघा, गाव जेमतेम लाखभर वस्तीचं, पण त्यांच्या पॅकर्स टीमचे मालक 5 लाखांहून जास्त लोक आहेत (खेळ अमेरिकन फुटबॉल, पण हिशोब तोच). 1923 मध्ये 5 डॉलरला एक शेअर विकून टीम वाचवली, त्यावर नफा एक पैसा मिळत नाही, बाजारात विकताही येत नाही, तरी लोक सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतात. अन् एकट्या शेठच्या हाती टीम जाऊ नये म्हणून शेअरवर मर्यादा, मला तर हेच लय आवडलं. तुम्ही आधी संस्था रजिस्टर करा, एक माणूस एक मत ठेवा, अन् खर्चाची वही दर महिन्याला मैदानावरच सगळ्यांसमोर उघडा.