गोव्यात रिंग रोड काढायचा झाला तर रेघ कुठून मारायची?

तुम्ही विचारलंय की पेडण्यापासून खाली काणकोणपर्यंत शहरांच्या बाहेरून रिंग रोड काढायचा झाला तर मार्ग कसा निवडावा, आणि नकाशावर घरं नाहीत अशा मोकळ्या जागेतून सरळ नेला तर लोकांचा विरोध टळेल का. मी फोंडा तालुक्यातला, सर्व्हेच्या कामात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, गोव्यात पूर्ण रिंग होतच नाही. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला म्हादई, मोले, नेत्रावळी अशी अभयारण्यं, मधली पट्टी उरते तिच्यात फार तर अर्धं कडं बसेल, म्हणजे दोडामार्गाकडून डिचोली, उसगाव, फोंड्याच्या बाहेरून सावर्डे-कुडचडे करत बाळ्ळीला परत ६६ नंबरच्या हायवेवर. आणि ते कुणासाठी हे पण आधी बघायला हवं. उत्तरेला पत्रादेवीला शिरून दक्षिणेला पोळेंला बाहेर पडणारा ट्रक किंवा अनमोड घाट उतरून वेर्ण्याला नाहीतर मुरगाव बंदरात जाणारा ट्रक, ह्यांना गावातून बाहेर काढायचं असेल तर ठीक, पण म्हापशाहून रोज पणजीला कामाला जाणारा माणूस ह्या रस्त्याला कधीच येणार नाही, त्याची कोंडी तशीच राहणार. म्हणून पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळें ह्या नाक्यांवर गाड्या थांबवून कुठून आलात, कुठं चाललात हे विचारल्याशिवाय जो कोणी तुम्हाला नकाशावर पर्यायी मार्ग म्हणून तीन रंगांच्या तीन रेघा दाखवतो त्याला पहिला प्रश्न हाच करा.

मग नद्या. मांडवी आणि जुवारी कुठं ना कुठं ओलांडावीच लागते, त्यामुळे पूल कुठं बसतो ते आधी ठरतं आणि रस्ता त्याच्या मागून येतो. पात्र अरुंद हवं, काठ पक्के हवेत, पूल शक्यतो काटकोनात जायला हवा, आणि (हे नेहमी राहतं) पुलाला जोडणारा रस्ता दोन्ही काठांवर कशावरून जातो ते बघायला हवं. जुवारीवरच्या बोरीच्या नव्या पुलाला लोटलीच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे तो ह्याचमुळे, कारण जोडरस्ता खाजन शेतीतून, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीतून जातो.

आता तुमची ती मोकळी जागा. गोव्यात नकाशावर घरं नसलेली सपाट जागा म्हणजे बहुतेक वेळा खाजन नाहीतर मळा असतो, आणि तिथं घरं नाहीत कारण तिथं पाणी येतं. खाजनात बाहेरून बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तेच दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ह्या सगळ्याच्या मधून तुम्ही मातीचा भराव टाकून रस्ता नेलात आणि खाली चार मोऱ्या ठेवल्यात की भरावाच्या वरच्या बाजूचं पाणी मानशीपर्यंत वेळेत पोचतच नाही, तेवढ्यात पुढची भरती येते, दार मिटतं, आणि भात पाण्याखाली. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तो मोरीच्या पायपातून कसा जाणार? त्यात प्लॅस्टिक आणि जलपर्णी अडकते ती वेगळीच. मडगावच्या वेस्टर्न बायपासला बाणावलीचे लोक भराव नको, खांबांवर करा म्हणून वर्षानुवर्षं भांडले, कारण तिथं साळ नदीचं पाणी पसरतं, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. खांबांवरचा रस्ता महाग पडतो हे खरं, पण भरावाची माती पण कुठल्यातरी डोंगराला कापूनच येते ना.

मग डोंगराच्या कडेनं न्यावा का? तिथं पण सांभाळून. सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, पडलेला पाऊस जांभ्या दगडातून मुरतो आणि खालच्या चिकणमातीला लागला की उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो, फोंड्याकडची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, ह्याच झऱ्यांवर उभी आहेत. पायथ्याला खोल कटिंग केलं तर झर रस्त्याच्या गटारात जाते आणि पोफळी सुकतात, शिवाय ती दरड दर पावसाळ्यात खाली येत राहते. मला विचाराल तर पायथा आणि माथा दोन्ही सोडून मधल्या उतारावरून, कमीत कमी कटिंगनं, थोडा वळसा पडला तरी चालेल असा मार्ग घ्यावा, आणि खाणपट्ट्यात ट्रकांसाठी आधीच कापलेले रस्ते जिथं वापरता येतील तिथं नवीन जमिनीला हातच लावू नये.

सर्व्हे बहुतेक फेब्रुवारी ते मे मध्ये होतो, तेव्हा व्हाळ, म्हणजे ओढा, कोरडा असतो आणि पायवाटेसारखा दिसतो. तीच रेघ जुलैत चालून बघायलाच हवी. कुंपणाच्या तारेला वाहून आलेलं गवत किती उंचीवर अडकलंय ते बघा, पाणी कुठवर चढतं ते तिथंच कळतं. बरोबर गावातला जुना शेतकरी घ्या, राखणदाराचं (गाव राखणाऱ्या देवाचं) स्थान, मानशीचा जुना पाट, ह्यातलं काही नकाशावर नसतं.

विरोध टाळण्याबद्दल म्हणाल तर घरं नसली तरी माणसं असतात. एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं नाव, शेत कसतो दुसराच, आणि कडेला मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं घर ज्याची नोंदच झालेली नाही, मग भरपाई कागदावर नाव असलेल्याला मिळते आणि बाकीचे कोर्टात. म्हणून कूळ-मुंडकारांची यादी रेघ पक्की व्हायच्या आधी करायला हवी.

आणि तारखांकडे लक्ष ठेवा. राष्ट्रीय महामार्ग म्हणून काढला तर १९५६ च्या कायद्याखाली ३-ए ची, म्हणजे जमीन घेणार असल्याची, नोटीस निघाल्यापासून हरकत घ्यायला फक्त २१ दिवस मिळतात, सामाजिक परिणामांचा अभ्यास पण तिथं सक्तीचा नाही. राज्य सरकारनं २०१३ च्या कायद्यानं जमीन घेतली तर हरकतीला ६० दिवस असतात. नोटीस पेपरात येते, बऱ्याच जणांना दिसतच नाही. त्यामुळे नोटिशीची वाट न बघता आत्ताच ग्रामसभेत सर्व्हे नंबरांसकट आखणी मागा, आणि प्रत्येक मोरी नि साकव किती पाण्याचा हिशोब करून धरलाय ते लेखी मागा.