'डी फ्लेडरमाउस'च्या स्कोअरमध्ये फ्रॉश का सापडत नाही?

तुम्ही लिहिलंय की गाणं शिकताय, 'डी फ्लेडरमाउस' या ऑपेरेटाची (हलक्याफुलक्या संगीतिकेची) पियानो-प्रत, म्हणजे गाण्याच्या ओळी आणि पियानोवरची साथ असलेला स्कोअर (छापील स्वरलिपी), घेतलीत, पण तिसऱ्या अंकातला तुरुंगाचा पहारेकरी फ्रॉश तीत कुठेच नाही; पानं गळली आहेत का?

नाही हो, प्रत पूर्ण आहे. फ्रॉश एक ओळसुद्धा गात नाही. दारूच्या नशेतली त्याची सगळी धमाल गद्यात आहे. धाकट्या योहान श्ट्राउसचा हा ऑपेरेटा 5 एप्रिल 1874 रोजी व्हिएन्नाच्या थिएटर आन डेअर वीनमध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हापासून त्यात गाणी आणि बोलणी अशी दोन्ही आहेत. आपल्या संगीत नाटकाची नुसती पदं हातात आली तर गद्य कुठून कळणार? म्हणून हाफनर आणि झेने यांची संहिताही घ्याच.

गाण्यासाठी पियानो-प्रत पुरते. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या छपाया इंटरनेटवर फुकट मिळतात, त्यांवर खुशाल शिका. फक्त दुसऱ्या अंकातलं नृत्य आहे का, ते बघून घ्या. राजपुत्र ऑर्लोफ्स्कीच्या मेजवानीसाठी श्ट्राउसने स्पॅनिश, स्कॉटिश, रशियन असे नाच लिहिले होते. पुष्कळ नाट्यगृहं ते गाळून 'उंटर डोनर उंड ब्लिट्स' ही श्ट्राउसचीच पोल्का (दोन मात्रांच्या चपळ नाचाची धून) वाजवतात. ती या ऑपेरेटातली नाही, म्हणून स्कोअरमध्ये शोधत बसू नका. वाद्यवृंदाचं लेखन वाचायचं असेल तर हान्स स्वारोव्स्कींनी संपादित केलेली ऑयलेनबुर्ग प्रकाशनाची छोटी प्रत चांगली. आणि ऑर्लोफ्स्की राजपुत्र असला तरी त्याच्या ओळी मेझो-सोप्रानो या स्त्री-आवाजासाठी आहेत, तीही छपाईची चूक नव्हे.

मी गायकांना पियानोची साथ करते. या प्रतीतलं माझं सगळ्यात आवडतं पान पहिल्या अंकातल्या त्रिकुटाचं. आयझेनश्टाइन आठ दिवसांसाठी तुरुंगात निघालाय (खरं तर मेजवानीला), आणि त्याची बायको रोझालिंडे 'आठ दिवस तुझ्यावाचून' म्हणत मायनरमध्ये (उदास छटेच्या स्वरांत) हुंदके देते; तिसरी आहे मोलकरीण आडेले. मग 'ओ ये, ओ ये' सुरू होतं. शब्द अजून रडताहेत, पण डाव्या हाताने पोल्काचा ठेका धरलेला! तिघंही मनातून खूश आहेत, हे कुणी बोलत नाही, साथीतून कळतं. आधी फक्त डावा हात वाजवा, मग वरची ओळ गा.