माळ्यावरचं धनुष्य आणि १९५३ चा घोळ

प्रश्न : काका नमस्कार, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांचं धनुष्य निघालं. ते अमेरिकेत शिकायला होते तेव्हा आणलेलं. लाकडी आहे, वर 'बेअर ग्रिझली' आणि ४५ पाउंड लिहिलंय, बारीक अक्षरात ग्रेलिंग, मिशिगन आणि १९५३ पण आहे. दादा म्हणतोय सत्तर वर्षं जुना अँटिक पीस आहे, विकून टाकू. मला चालवायचंय. नवीन दोरी बांधली की झालं ना?
— कॉलेजची एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : अगं, आधी दादाला म्हणावं थांब जरा. त्या १९५३ ने भल्याभल्यांना टोपी घातलीय. ते धनुष्याचं साल नाहीच, कॅनडातल्या पेटंटचं साल आहे, आणि धनुष्यं बनवणारी बेअर कंपनी ते पुढे कितीतरी वर्षं तसंच छापत राहिली, त्यामुळे ज्याच्याकडे बेअर आहे तो हमखास सांगून राहिलेला असतो की माझं १९५३ चं. मुठीच्या वर एक छोटं नाणं बसवलेलं असेल, त्यावर बोट फिरव. लाकडाशी अगदी सपाट लागलं तर ढोबळमानाने १९७२ च्या आधीचं, उठून लागलं तर नंतरचं. आणि ग्रेलिंग लिहिलंय म्हणजे १९७८ च्या आधीचं नक्की, कारण त्या साली फ्रेड बेअरची फॅक्टरी फ्लोरिडाला गेली.

पण खरं सांगू, साल बिल नंतर बघू. पात्या, म्हणजे मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग, शाबूत आहेत का ते मुख्य. ह्या पात्या म्हणजे मधे लाकडाचे पातळ थर, दोन्ही बाजूंनी फायबरग्लास, सगळं गोंदाने चिकटवलेलं. तुमचा माळा पत्र्याखाली असेल तर इंदूरचा मे महिना त्या गोंदाने किती वेळा काढलाय विचार कर. माझं स्वतःचं एक धनुष्य मी येडपटासारखं दुपारभर बंद गाडीत ठेवलं होतं, संध्याकाळी ओढलं तर कडाड्कन आवाज आला आणि वरच्या पातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. चूक माझीच, दुसरं कोण.

तर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घे आणि पातीवरून हलक्या हाताने फिरव, धागा जिथे अडकेल तिथे कुसळ किंवा चीर आहे. पातीच्या लांबीने गेलेल्या केसासारख्या रेघा बहुतेक वेळा नुसत्या पॉलिशच्या असतात, त्यांना घाबरू नको, पण रेघ आडवी असेल किंवा कडेला थरांमधे नख शिरत असेल तर धनुष्य भिंतीवर लाव आणि विषय संपव, मग ते कितीही दुर्मिळ असो.

आता दोरी. इथेच सगळ्यात जास्त धनुष्यं मरतात. दोरी नसताना रिकर्व्ह (म्हणजे टोकं पुढे वळलेलं असं तुझ्यासारखं धनुष्य) कंसासारखा वाकलेला दिसतो आणि नवा माणूस बरोब्बर त्याच बाजूने दोरी बांधतो, म्हणजे उलटी! मूठ तळहातात जिथे नीट बसते ती बाजू तुझ्याकडे, पात्यांची टोकं तुझ्यापासून लांब वळलेली, आणि त्या वळणाच्या विरुद्ध वाकवून दोरी चढवायची. तीसुद्धा पायात अडकवून नाही, पाती पिळते. स्ट्रिंगर म्हणून दोरखंडासारखी साधी वस्तू मिळते ती घे. दोरी डॅक्रॉनचीच माग, हा थोडा ताणणारा धागा, दुकानात बी-५० म्हटलं की कळतं. नवीन फास्ट फ्लाइट वगैरे दोऱ्या अजिबात ताणत नाहीत, सगळा झटका जुन्या टोकांवर जातो आणि टोकं फुटतात. धनुष्यावर एएमओ ५८ इंच (ठरलेल्या मापाने धनुष्याची लांबी) असं लिहिलेलं असेल तर खरी दोरी त्याहून तीनेक इंच कमी. चढवली की टोकाकडून एक डोळा मिटून बघ, दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसली पाहिजे. मग आधी दहा इंच ओढ, मग वीस, कान उघडे ठेवून, आणि ओढलेली दोरी हळूच परत आण. बाण न लावता सोडायची नाही. कधीच नाही, मित्रांना फोटोसाठीसुद्धा नाही.

आणि ४५ पाउंड हे २८ इंच ओढल्यावरचं वजन आहे, म्हणजे ओढायला लागणारा जोर. तुझी ओढ २६ इंच असेल तर चाळीसच्या आसपास भरेल, तरी नवशिक्यासाठी ते जडच. एखाद्या क्लबात वीस-पंचवीस पाउंडांवर सहा महिने घाल, आजोबांचं धनुष्य कुठे पळून नाही चाललं.

प्रश्न : जुन्या रिकर्व्हला ऑनलाइन मिळणारे स्वस्त कार्बन बाण चालतील का?
— एक वाचक, देवास

उत्तर : हलके असतील तर नको. धनुष्याच्या दर पाउंडाला बाणाचं वजन निदान आठ ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप), जुन्याला मी नऊ-दहा धरतो, म्हणजे ४५ पाउंडांना ४०० ते ४५० ग्रेन, साधारण २६ ते २९ ग्रॅम. बाण फार हलका झाला की पातीच्या दृष्टीने रिकामी दोरी सोडल्यासारखंच. सराफ्यात ओळखीचा सोनार असेल तर दुपारी जाऊन त्याच्या काट्यावर बाण ठेवा (रात्री तिथे खाऊगल्ली भरते, तेव्हा गेलात तर भुट्ट्याचा कीस खाऊन परत याल). ॲल्युमिनियमच्या नळीवर १८१६ असा आकडा असतो, त्यातले पहिले दोन जाडीचे, इंचाचे चौसष्टांश, आणि पुढचे दोन नळीच्या पत्र्याचे, इंचाचे हजारांश. आणि मुठीवरूनच बाण सोडणार असाल तर पिसं खरी लावा, प्लॅस्टिकची लाकडाला आपटून बाण वाकडा जातो.

प्रश्न : माझ्याकडे तीन धनुष्यं आहेत, कोपऱ्यात उभी ठेवलीत. चालेल?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही. आजच दोऱ्या उतरवा, दोन लाकडी खुंट्यांवर आडवी टांगा, उन्हाच्या भिंतीवर नको. आणि कोपऱ्यात खालच्या टोकावर इतके दिवस उभी होती ना, तर दोरी चढवून त्या पात्या पिळल्यात का ते आधी बघा आणि मला कळवा.