वाचक विचारतात: तान्ह्या पोळ्याच्या बाहुल्या आणि कॅमेरा

प्रश्न: वस्तीतली मुलं तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा, लाकडी बैलांचा सण) सुट्टीत केबल वाहिनीवर दाखवायला बाहुल्यांचा विनोदी कार्यक्रम बसवत आहेत. पात्रं तीन: लाकडी नंदी, पिवळी मारबत (मिरवणूक काढून शेवटी जाळतात तो बाईचा पुतळा) आणि एक बडग्या (तसाच पुरुषाचा पुतळा). तालमीत हसून पुरेवाट होते, मोबाइलवर चित्रण केलं की सगळं थंड. कुठे चुकतं? (एक पालक, महाल, नागपूर)

उत्तर: तालमीत मुलं एकमेकांचे चेहरे बघून हसतात, कॅमेऱ्याला मात्र फक्त बाहुली दिसते. म्हणून आधी तिची नजर दुरुस्त करा. बुबुळं डोळ्यांच्या अगदी मधोमध चिकटवली की बाहुली कुठेच बघत नाही. बुबुळं नाकाकडे थोडी सरकवून आधी दुहेरी टेपने लावा, दोन मीटरवरून मोबाइलमध्ये पाहा आणि मगच पक्की करा. हात वर धरून दमला की मनगट मागे कलतं आणि बाहुली छताकडे बघू लागते. मनगट पुढे झुकवायला शिकवा. मोबाइलचा स्टँड बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. मुलांची उंची सारखी नसेल तर बुटक्यांना पाट द्या.

मग तोंड. मुलं चारही बोटं वर फेकतात, त्यामुळे बाहुलीचं डोकंच उघडतं. बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली पाडायचा. एका उच्चाराला एकदाच: ‘का-ऊन-बे’ म्हणजे तीनदा, आणि वाक्य संपलं की तोंड बंद. पडद्यामागे मोबाइलला जोडलेला टीव्ही लावून मुलांनी स्वतःची बाहुली बघत काम करावं. ते चित्र आरशासारखं नसतं, उजवीकडे नेलेली बाहुली डावीकडे जाताना दिसते. हाताला याची सवय व्हायला तीन-चार तालमी लागतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोलणाऱ्या बाहुलीनेच हलायचं, बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं. तीनही बाहुल्या एकदम डोलल्या तर प्रेक्षकाला कुणाकडे बघावं कळत नाही आणि विनोद निसटतो. वाक्य संपल्यावर ऐकणाऱ्या बाहुलीने आधी बोलणारीकडे, मग सरळ कॅमेऱ्याकडे बघावं आणि मनात ‘एक’ म्हणेपर्यंत थांबावं. हसू त्या थांब्यात असतं. संकलन करताना तोच भाग रिकामा समजून कापला जातो, तो ठेवा.

नंदीला आवाज देऊ नका. लाकडाच्या बैलाला तोंड हलवता येत नाही, हेच तुमच्या हातातलं मोठं साधन आहे. त्याच्या गळ्यातली घंटी बोलू द्या. मारबत विचारते, घंटी एकदा वाजते: हो. पुन्हा विचारते, दोनदा वाजते: नाही. तिसऱ्यांदा ती विचारते, ‘मग बोजारा (तान्ह्या पोळ्याला मुलांना घरोघरी मिळतो तो खाऊ) कोणी खाल्ला?’ आणि घंटी वाजतच नाही. पहिल्या दोन वेळांनी अपेक्षा पक्की केलेली असते, म्हणून तिसरी शांतता हसवते.

संवाद पुस्तकी नकोत, पोट्टे घरी बोलतात तसेच लिहा. पोळ्याच्या झडत्या (बैलांपुढे म्हणतात त्या यमक जुळवलेल्या ओळी) म्हणजे तर तयार खजिनाच आहे! गृहपाठ, डबा, बंद पडलेला कूलर यांवर मुलांनी स्वतः चार-चार ओळी जुळवाव्या आणि शेवटी सगळ्यांनी ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणावं. पहिल्या प्रयत्नाला दहा-बारा मिनिटं पुरेत.

प्रश्न: फोमच्या बाहुलीचं तोंड दोनदा निघून आलं. पांढरा फेव्हिकॉलच वापरला होता. (इतवारी)

उत्तर: पांढरा गोंद पाण्याचा असतो. तो फोममध्ये मुरतो, उशिरा वाळतो आणि वाळला की ताठ होतो, मग तोंड हलताच कडा सुटते. रेक्झिनला लावतात तो रबरी गोंद घ्या. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, बोटाला लागेनासा होईपर्यंत, साधारण 10 ते 15 मिनिटं थांबा आणि मग घट्ट दाबा. पावसाळी हवेत जास्त वेळ लागतो, आणि घाई केली की आत ओल अडकून जोड सुटतो. हे काम मोठ्यांनीच, मोकळ्या हवेत, दिवा-शेगडीपासून दूर करावं. डोक्याला 12 मिलिमीटर जाडीचा फोम पुरतो. जबड्यासाठी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या आणि मध्ये कापडाचा सांधा द्या. एकच पुठ्ठा दुमडला तर काही तालमींत घडीवर फाटतो. बाही कोपरापर्यंत ठेवा, गांधीबागेत त्यासाठी कापडाचे तुकडे मिळतात.

प्रश्न: चित्रात आडवे पट्टे सरकतात आणि पांढरा नंदी नुसता डाग दिसतो.

उत्तर: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मोबाइल सेकंदाला 30 चौकटींवर (फ्रेमवर) असेल तर त्याचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये 25 चौकटी आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, टीव्हीलाही 25 च लागतात. उजेडाचं माप नंदीवर बोट ठेवून घ्या आणि तिथेच लॉक करा. कार्यक्रमाच्या नावाच्या पाटीवरची अक्षरं चित्राच्या कडेपासून आत घ्या, जुन्या टीव्हीवर कडा कापली जाते.

प्रश्न: शेवटी मारबत जाळताना दाखवायची आहे.

उत्तर: फोमची बाहुली मुळीच पेटवू नका. पॉलियुरेथेन क्षणात पेट घेतं आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. केशरी पतंगी कागदाच्या पट्ट्या लावा, खालून छोटा पंखा आणि केशरी दिवा सोडा, कॅमेरा जवळ घ्या. पडद्यामागून मुलं ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतील, तेव्हा बाहुली हळूहळू चौकटीखाली उतरवा आणि नंदीची घंटी एकदा वाजवा.