संस्कृत घ्यायचं की फ्रेंच?

मार्च लागला की कॉन्व्हेंटमधल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच प्रश्न घेऊन येतात. सातवी संपत आलेली असते, शाळेने आठवीच्या भाषांचा फॉर्म हातात दिलेला असतो आणि तो आठवड्याभरात भरून द्यायचा असतो. संपूर्ण हिंदी, हिंदी-संस्कृत की हिंदी-फ्रेंच? "मॅडम, आत्ता चुकलं तर दहावीला महागात पडेल ना?" माणसं वाशीहून आलेली असोत की घोडबंदर रोडवरून, वाक्य जवळजवळ हेच असतं. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येतो. ख्रिस्ती शाळेत घातलंय, मूल आपल्यापासून लांब तर जाणार नाही?

म्हणून ठाण्यातल्या एका घराबद्दल लिहिते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

निनादचे आईबाबा आणि आजी, तिघंही पहिल्या भेटीला आले होते. बाबांनी फॉर्म टेबलावर ठेवला. तीन चौकटींपैकी दोन चौकटींवर व्हाइटनरचे इतके थर चढले होते की कागद तिथे पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. बोलता बोलता बाबा नखाने त्याचे पापुद्रे काढत होते.

"संस्कृत स्कोअरिंग आहे. ते घ्यायलाच पाहिजे," बाबा म्हणाले.

"त्याला फ्रेंच हवंय. त्याचे सगळे मित्र तेच घेतायत," आई म्हणाली.

आजी काहीच बोलल्या नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

आधी मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. भीती कितीही मोठी असली तरी तिच्यातला आकड्यांचा भाग आधी बाजूला काढता येतो. राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात दहावीला सहा विषय, एकूण ६०० गुण. इंग्रजी ही प्रथम भाषा, मराठी, मग ही तिसरी भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. मराठी सोडता येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत ती सक्तीची आहे. म्हणजे निवड होती ती फक्त तिसऱ्या भाषेच्या १०० गुणांची. संपूर्ण हिंदी घेतली तर ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० अंतर्गत. संयुक्त अभ्यासक्रम घेतला तर हिंदीचे ५० आणि संस्कृत किंवा फ्रेंचचे ५०. त्यात प्रत्येकी ४० लेखी आणि १० अंतर्गत, पुस्तकं दोन, पेपर दोन, व्याकरणंही दोन. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात.

"निनादला हिंदीत किती पडतात?"

"७६."

"मग अर्ध्या हिंदीत ३८ धरू. संस्कृतमध्ये तुम्ही म्हणता तसे भरपूर, ४७ धरू. बेरीज ८५. संपूर्ण हिंदीपेक्षा ९ गुण जास्त. ५०० पैकी ९ म्हणजे १.८ टक्के. आणि सहा विषयांत हाच सर्वांत खाली राहिला, तर तो मोजलाही जाणार नाही. गणितात किती आहेत?"

"५१," आई हळूच म्हणाली.

१.८ टक्के काही कमी नाहीत. कॉलेजच्या गुणवत्ता यादीत तेवढ्याने नाव खाली-वर होतं, आणि हे मी पालकांना स्पष्ट सांगते. पण या घरात दोन आठवडे रोज रात्री संस्कृतवरून वाद चालला होता आणि गणिताच्या ५१ गुणांवर कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. चिंता सोपी जागा शोधते. फॉर्मवरची खूण आज करता येते. अपूर्णांक आणि समीकरणं पक्की व्हायला सहा महिने लागतात.

दुसऱ्या भेटीत बाबांशी मी त्यांच्या 'घ्यायलाच' या शब्दाबद्दल बोलले. माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे, म्हणजे मनातला हट्टी विचार तपासून तो सौम्य करण्याकडे आहे आणि मराठीत तिचं निम्मं काम शब्दाच्या शेवटी लागणारा 'च' दाखवून होतं. "संस्कृत घेतलं तर मला आवडेल" आणि "संस्कृत घ्यायलाच पाहिजे" ही वाक्यं त्यांना मोठ्याने म्हणायला लावली. पहिलं म्हणताना ते खुर्चीत टेकले. दुसरं म्हणताना पुढे झुकले.

"नाही घेतलं तर काय होईल?" मी विचारलं.

"आईला काय सांगू?"

गुण आणि स्कोअरिंग इथेच संपलं. पुढच्या भेटीला आजींनी एकट्यांनी यावं असं मी सुचवलं.

आजी मूळच्या वाईच्या. सुरुवातीला त्या शाळेबद्दल बोलल्या. सकाळी ख्रिस्ती प्रार्थना, वर्गात क्रॉस, नाताळचं नाटक. एरवी इथे पालकांना धीर देण्याची घाई होते. मी घाई केली नाही. विचारलं, "आजी, निनाद तुमच्याकडे काय शिकला?"

"स्तोत्रं. पाचव्या वर्षी सगळी पाठ होती."

"आता म्हणतो?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मीच म्हणायला सांगत नाही हल्ली. तो अर्थ विचारतो. प्रत्येक ओळीचा. मला पाठ आहे हो, पण अर्थ मला कुणी सांगितलाच नाही आणि मीही कधी कुणाला विचारला नाही. त्याच्या शाळेत म्हणे फादर प्रार्थनेचा अर्थ समजावून सांगतात. मला सांगता येत नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला. त्या शाळेला घाबरत नव्हत्या. नातवाच्या प्रश्नापुढे गप्प बसावं लागतं याची त्यांना लाज वाटत होती. शाळेने संस्कृत शिकवलं की हा प्रश्न आपल्या डोक्यावरून उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. निनादच्या बाबांना तो उघडपणे कळला नव्हता, पण आपल्या आईचा चेहरा उतरलेला दिसत होता, म्हणून ते 'स्कोअरिंग'ची ढाल पुढे करत होते. तीन माणसांची काळजी एका चौकटीत कोंबलेली होती आणि ती चौकट होती पन्नास गुणांची. मुलांच्या विषयनिवडीवरून घर हलतं तेव्हा मी हेच शोधते: विषय कोणाच्या वतीने निवडला जातोय? उत्तर मिळालं की विषय पुन्हा विषयाएवढा होतो. या घरात ते आजींकडे मिळालं, आणि त्यांना एकट्यांना बोलावण्याचा निर्णय बरोबर ठरला याचं मला आजही समाधान आहे.

"आजी, अर्थ तुम्हालाही हवाय का?" मी विचारलं.

"हवाय ना!" त्या पटकन म्हणाल्या.

सार्थ स्तोत्रांची छोटी पुस्तकं कुठल्याही धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मिळतात. रोज दोन ओळी, आजी आणि नातू दोघांनी मिळून, एवढंच ठरलं. त्याचा फॉर्मशी काही संबंध नाही, हे बाबांना आजींनीच सांगितलं.

शाळेतल्या प्रार्थनेबद्दल जे पालक विचारतात, त्यांना दोन गोष्टी नीट माहीत असाव्यात. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८(३) म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. बहुतेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला जातात तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर कॅटेकिझम हा विषय नसतो. शंका असेल तर सिस्टर किंवा फादरना भेटून मूल्यशिक्षणाचं पुस्तक पाहायला मागा आणि घरी आणून स्वतः चाळा. आणि ख्रिस्ती म्हणजे मराठीपासून तुटलेले असं मनात असेल, तर ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या घरांत डोकावा. तिथे घरात मराठीचीच बोली चालते.

आता फॉर्मकडे. शाळेत जाऊन आधी हे विचारा की दहावीपर्यंत हा विषय कोण शिकवणार आहे. फ्रेंचच्या बाई मध्येच सोडून गेल्या आणि मुलं उरलेलं वर्ष बाहेरच्या क्लासवर काढत आहेत, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. किमान किती मुलं आली तर वर्ग चालू होतो, तेही विचारा. नववीत गेल्यावर विषय बदलणं अवघड जातं, म्हणून आठवीच्या पहिल्या महिन्यात बदल करू देतात का, हे लेखी घ्या. बदली होण्याची शक्यता असेल तर फ्रेंच जपून घ्या, कारण नव्या शाळेत ती असेलच असं नाही.

मग घरी चार दिवसांची चाचणी करा. वरच्या वर्गातल्या मुलाकडून पुस्तकं आणा. नववी-दहावीला संयुक्त संस्कृतचं 'आनन्दः' आहे, संपूर्णचं 'आमोदः'. हिंदीत संयुक्तला 'लोकवाणी' आणि संपूर्णला 'लोकभारती'. दुकानात ही सर्रास उलटसुलट दिली जातात, तेव्हा मुखपृष्ठ वाचून घ्या. आठवीचं पहिलं प्रकरण घ्यायचं, रोज वीस मिनिटं, दोन दिवस संस्कृत आणि दोन दिवस फ्रेंच. मुलाला किती येतं ते पाहू नका. वीस मिनिटं झाल्यावर तो पुस्तक लगेच मिटतो की आणखी एक पान उलटतो, तेवढं पाहा. संस्कृतमध्ये शब्द आणि धातू चालवायचे असतात, ज्याला तक्ते आणि नियम आवडतात त्याचं तिथे जमतं. फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि उच्चारलेलं यांत अंतर असतं, त्यामुळे कान लागतो आणि स्पेलिंगचा कंटाळा असलेलं मूल तिथे अडतं.

पुढे काय, ही शंका बहुतेक वेळा फुकट असते. आठवीतल्या या निवडीने अकरावी सायन्स, कॉमर्स किंवा आर्ट्सचं एकही दार बंद होत नाही. अकरावीत दुसरी भाषा पुन्हा निवडता येते, आणि अनेक कॉलेजांत तिच्या जागी आयटी घेता येतं. आयसीएसई मंडळाच्या कॉन्व्हेंटमध्ये मात्र थांबून विचार करा. तिथे नववीत विषयांच्या दुसऱ्या गटातून दोन विषय निवडायचे असतात आणि विज्ञान सोडून कमर्शियल स्टडीज घेतलं की अकरावी सायन्सचा रस्ता बंद होतो. ते दार खरं आहे. सगळी चर्चा तिथे खर्च करा.

एक अपवाद. मूल तिन्ही भाषांत सारखंच अडखळत असेल, अक्षरं उलटी लिहीत असेल, तोंडी सगळं सांगून कागद कोरा ठेवत असेल, तर विषय बदलून उपयोग नाही. अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर मंडळ तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि एका भाषेतून सूट अशा सवलती देतं. हे आठवीत करा. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करणारे पालक रांगेत उभे राहून रडतात.

निनादने चारही दिवस चाचणी केली. दोन्ही पुस्तकं त्याने वीस मिनिटांनी मिटली. पाचव्या दिवशी त्याने मला विचारलं, "संपूर्ण हिंदी घेतली तर एक पुस्तक कमी होईल ना? तो वेळ गणिताला चालेल?" मित्रांपासून तुटण्याची भीतीही तोवर ओसरली होती, कारण तुकडी तीच राहते आणि फक्त भाषेच्या तासाला वर्ग बदलतो, हे त्याने स्वतः शाळेत विचारून आणलं होतं. बाबांनी शाळेतून नवा फॉर्म आणला. निनादने पेनाने पहिल्या चौकटीत खूण केली आणि सही करायला तो आजींच्या पुढे धरला. पालकाच्या सहीच्या जागी आजींनी नाव लिहिलं. ते चालत नाही म्हणून त्याखाली बाबांनी पुन्हा सही केली.