बेस क्लासची ‘अदलाबदल’ नव्हे, दत्तक!

नागपूरच्या मिहानमधल्या एका वाचकाचा प्रश्न: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एखाद्या क्लासचा (ऑब्जेक्ट घडवण्याच्या साच्याचा) बेस क्लास, म्हणजे ज्याच्याकडून तो आपले गुण घेतो तो क्लास, काढून तिथे दुसरा लावला, तर मराठीत ‘बेस क्लासची अदलाबदल’ म्हणावे की ‘वर्गबदल’?

दोन्ही नको. अदलाबदलीला दोन पक्ष लागतात, माझे तुझ्याकडे आणि तुझे माझ्याकडे. इथे जुन्या बेस क्लासच्या हाती काय येते? काहीच नाही. तरी शिकवणीपासून ऑफिसपर्यंत हाच शब्द कानावर आदळतो. ‘वर्गबदल’ ही तर निराळीच क्रिया. तिथे ऑब्जेक्टच, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडलेला नगच, दुसऱ्या क्लासात जातो.

शब्द आपल्या घरातच आहे: दत्तक. बेस क्लासकडून गुण घेण्याला, म्हणजे इनहेरिटन्सला, आपण ‘वारसा’ म्हणतो, तो अरबीतून आलेला. संस्कृतात वारशाने मिळते ते ‘दाय’, ‘दा’ म्हणजे देणे या धातूपासून. ‘दत्त’ही त्याच धातूचा, त्यावरून दत्तक. आणि वारसदार तो ‘दायाद’, म्हणजे दाय अधिक आद. हा ‘आद’ म्हणजे घेणारा, ‘आ’ लागून पुन्हा त्याच ‘दा’पासून! देणे आणि घेणे एकाच शब्दात, एकाच धातूतून. किती देखणा शब्द आहे!

काही परिभाषाकार इथे ‘अनुवंश’ रेटतात. साफ चूक. अनुवंश रक्तातून येतो, तो जन्मानंतर बदलत नाही. दाय विधीने फिरतो. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, इंग्रजांनी दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. नागपूरकराला तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये.

दत्तकाचा १९५६ चा हिंदू कायदा सांगतो की जन्मघराचे नाते तुटते, पण दत्तकापूर्वीच मुलाच्या नावे झालेली मालमत्ता त्याचीच राहते. पायथनचे वागणे हुबेहूब असेच. ‘संत्राविक्री’ हा क्लास ‘रोखविक्री’तून निघालेला. त्याच्या बेसेसमध्ये, म्हणजे बेस क्लासांच्या नोंदीत, रोखविक्रीच्या जागी ‘उधारविक्री’ लावली, की ‘हिशेब’ ही मेथड (क्लासने नेमून दिलेले काम) तत्क्षणी नव्या घरची चालू लागते, आधी तयार झालेल्या ऑब्जेक्टांसाठीसुद्धा. रोखविक्रीच्या इनिटने, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडने, त्यांच्यावर लिहिलेला पावती क्रमांक मात्र जागचा हलत नाही.

तेव्हा ‘संत्राविक्री उधारविक्रीकडे दत्तक गेली’ असे खुशाल म्हणा. फक्त उधारविक्रीचे इनिट जुन्या ऑब्जेक्टांसाठी आपोआप चालत नाही. ते उधारीची ‘मुदत’ भरत असेल, तर जुन्या ऑब्जेक्टला मुदत विचारताच अॅट्रिब्यूट एरर येईल, म्हणजे ‘अशी नोंदच नाही’ अशी तक्रार. ती मुदत आपल्या हातानेच भरा.