संच कपाटात का जातो?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. वाढदिवसाला तिला मोटारगाडी जोडायचा संच आणला. चित्राबरहुकूम जोडला, दोनदा चालवला आणि ठेवून दिला. वस्तू बनवायची गोडी लागावी म्हणून काय द्यावं? (एक पालक, सातारा)

संचात सगळं आधीच ठरलेलं असतं. भाग बसले, गाडी पळाली, विषय संपला. मुलं अडून बसतात ती न चालणाऱ्या वस्तूपाशी. मात्र ती का चालत नाही, हे त्यांचं त्यांना हुडकता आलं पाहिजे. म्हणून आमची पसंती सेलवर फिरणाऱ्या, घरी करायच्या विजेच्या मोटारीला. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून केलेल्या खेळण्यांमुळे ती अनेक शाळांना ठाऊक आहे.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची (वीज अडवणारा पातळ लेप असलेली) २२ गेजची तांब्याची तार तीनेक मीटर आणा. शिवाय टॉर्चचा १.५ व्होल्टचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा पट्टा आणि एक लहान काळं चुंबक. सेलभोवतीच तारेचे ८ वेढे घ्या, वेटोळं काढा आणि दोन्ही टोकं समोरासमोर, एका रेषेत ३-३ सेंटिमीटर बाहेर ठेवा. ट्यूबच्या पट्ट्याने सेलच्या दोन्ही टोकांना पिना आवळा, गोल भोक वर. चुंबक मधोमध सेलवर. तारेची टोकं भोकांत अडकवा आणि बोटाने हलका धक्का द्या.

पण खरी गंमत आहे ती टोकं अडकवण्याआधी खरवडण्यात. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून काढायचं, दुसऱ्याचं फक्त वरच्या अर्ध्या बाजूचं, आणि तेही वेटोळं उभं धरून. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर पहिल्या अर्ध्या फेरीत बसणारा रेटा पुढच्या अर्ध्या फेरीत उलटा बसतो आणि वेटोळं जागच्या जागी डुलत राहतं. वेटोळं आडवं ठेवून खरवडलं, तर वीज चालू असताना रेटा आधी एकीकडे आणि मग उलटा बसतो, म्हणून ते फिरत नाही. टोकं एका रेषेत नसतील तर ते एकीकडे झुकून थांबतं. थांबलेलं वेटोळं लगेच उचला. तारेला रोध जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते शॉर्ट सर्किटच होतं आणि सेल तापतो. याच कारणासाठी मोबाइलची बॅटरी इथे कधीही वापरू नये.

फिरू लागली की वेढे ५ करून बघ, १५ करून बघ, चुंबक उलटं कर, एवढं सुचवा. एका वेळी एकच बदल. आणि कृपा करून तिच्या आधी दोष दाखवू नका!

प्रश्न : इन्स्पायर-मानक या शालेय मुलांच्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेसाठी कल्पना मागितल्या की सगळे ‘स्मार्ट कचरापेटी’च आणतात. काय करावं? (शिक्षक, जुन्नर)

कल्पना मागू नका, तक्रारी मागा. आठवडाभर वहीत लिहू दे : घरात, गोठ्यात, शेतात कुठलं काम करताना कोण वैतागतं? कांद्याची रोपं लावताना आजी किती वेळा वाकते, टोपली किती किलोची, एका वाफ्याला किती मिनिटं लागतात, हे मोजलं की प्रकल्पाचा निम्मा भाग झाला. मग खऱ्या मापाचा नमुना, पण आधी पुठ्ठा आणि बांबूचा. तो आजीच्या हाती द्यायचा आणि ती कुठे अडखळते ते बघायचं. सेन्सर लागलाच तर शेवटी. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुन्यासाठी १०,००० रुपये मिळतात. ते वर्कशॉपवाल्याला देऊन तयार यंत्र आणलं, तर ‘ही दांडी एवढीच लांब का?’ या प्रश्नाला मूल गप्प बसतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाची पद्धत पाहा. तिथे मुलं गावाला लागणारी कामं करतच शिकतात.

प्रश्न : सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने तारा जोडणं) कोणत्या वयात? (पालक, ठाणे)

हात स्थिर असेल तर साधारण दहाव्या वर्षापासून, मोठं माणूस शेजारी असताना. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, वजनदार स्टँड, चष्मा, उघडी खिडकी. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात नाही.